नाव ठाऊक नसलेल्याचे देणे

माणगावहून निजामपूरच्या बाजूला निघाले की भाताच्या खाचरांपलीकडे मधूनमधून पत्र्याची लांबलचक छपरे दिसतात. पूर्वी या बांधांवर चार-दोन गावठी कोंबड्या चरत असत. आता एकेका छपराखाली हजारो पांढरे पक्षी असतात. ते एकाच दिवशी जन्मतात, एकाच वजनाला पोचतात आणि सहा आठवड्यांच्या आत एकाच रात्री गाडीत भरून शहराच्या वाटेला लागतात. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस अशाच एका शेडच्या दाराशी मी उभा होतो. शेडचा मालक एके काळचा माझा विद्यार्थी. ख्रिस्ती कुटुंबातला, मेहनती, रविवारची मिस्सा सहसा न चुकवणारा. आत भाताच्या तुसाच्या थरावर पक्ष्यांची अखंड कलकल चालली होती आणि अमोनियाचा वास नाकाला झोंबत होता.

तिसऱ्या आठवड्यात पक्षी मलूल झाले, एका कोपऱ्यात गोळा होऊ लागले, विष्ठा पातळ झाली, असे तो सांगत होता. सुपरवायझरला फोन केला. त्याने डॉक्सिसायक्लिन पिण्याच्या पाण्यातून पाच दिवस द्यायला सांगितले. अर्थात आजारी पक्ष्यांबरोबर धडधाकट पक्ष्यांनीही ते प्यायले, कारण पाण्याची नळी सर्वांना एकच. मरतूक आटोक्यात राहिली. मी जीवशास्त्र शिकवीत असे, त्या सवयीने सहज बोलून गेलो की या औषधाची किंमत कोठेतरी कोणीतरी दुसराच मोजेल. त्याचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "सर, औषध दिले नसते तर दोनशे पक्षी गेले असते आणि माझा मोबदलाही गेला असता. दिले, म्हणून कोणी माणूस मरणार असेल, तर हे पाप मी कबूल तरी कसे करू? कोणाचे वाईट केले, हेच मला ठाऊक नाही."

मला तेथल्या तेथे उत्तर सुचले नाही. प्रश्न मात्र मनातून गेला नाही. तो नीट समजून घ्यायचा, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या एका वस्तूची ओळख करून घेणे भाग आहे.

जीवाणूच्या पेशीत त्याचा मूळ आनुवंशिक ग्रंथ असतो. त्यावाचून त्याचे जगणे चालत नाही. या ग्रंथाशिवाय पुष्कळ जीवाणूंपाशी एक छोटी, सुटी, वर्तुळाकार हातवही असते. तिला प्लाझ्मिड म्हणतात. हे नाव जोशुआ लेडरबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५२ साली दिले. ही वही आपली प्रत आपणच काढते. दोन जीवाणू जवळ आले की त्यांच्यामध्ये एक बारीक पूल तयार होतो आणि वहीची एक प्रत या घरातून त्या घरात जाते. शेजारी आपल्याच जातीचा असला पाहिजे, अशी अट नाही. आपल्याकडे पाककृतींची वही जावेकडून नणंदेकडे जाते. ही वही अगदी परक्याच्या हातीही पडते. तिच्यात कधी एखाद्या औषधाला निष्प्रभ करण्याची कृती लिहिलेली असते, कधी चार-पाच औषधांना पुरेल इतकी.

हे प्रथम स्पष्टपणे कळले ते जपानमध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे रक्ती हगवणीच्या काही रुग्णांत असे जीवाणू सापडू लागले की ज्यांना सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल ही चारही औषधे एकदमच लागू पडत नव्हती. चार निरनिराळे अपघात एकाच जीवाणूत एकाच वेळी घडावेत, हे पटण्यासारखे नव्हते. १९५९ साली ओचिआई आणि अकिबा यांच्या गटांनी दाखवून दिले की आतड्यातल्या निरुपद्रवी ई. कोलाय जीवाणूकडून हा चौपदरी गुण हगवणीच्या जीवाणूकडे आणि तिकडून इकडे जाऊ शकतो. त्याच दशकात आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला होता आणि स्वदेशी पेनिसिलिनचा आपल्याला सार्थ अभिमान वाटत होता. त्या अभिमानात जपानची वार्ता कोणाच्या कानांवर आली असेल, असे वाटत नाही. आली असती, तरी आपण फार वेगळे वागलो असतो का, याचीही मला शंका आहे.

मग १९७२ साली मेक्सिकोत आणि आपल्या केरळातील कालिकतला विषमज्वर क्लोरॅम्फेनिकॉलला दाद देईनासा झाला. १९९० च्या सुमारास मुंबईतही असा विषमज्वर आला, की ज्याला नेहमीची तिन्ही औषधे लागू पडत नव्हती. वाचकांपैकी काहींना घरातले ते लांबलेले आजारपण, तो न उतरणारा ताप आठवत असेल. २०१० साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी एक अहवाल प्रसिद्ध केला. कार्बापेनेम हे राखीव औषध ज्यांना लागू पडत नाही, असे २४ जीवाणू त्यांनी तपासले होते. त्यांपैकी २२ जीवाणूंत 'एनडीएम-१' नावाचा गुणधर्म आढळला. तोही बहुधा प्लाझ्मिडवर बसूनच प्रवास करतो. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे जगात थेट १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शेडमधल्या माझ्या विद्यार्थ्याला मी जे सहज बोलून गेलो, त्याच्यामागे हे एवढे होते.

तरीही त्याच्या प्रश्नाचा गाभा अजून दूर आहे. कोंबडीच्या पोटातला जीवाणू कोंबडीचा, माणसाच्या पोटातला माणसाचा. मग एकीचे दुसऱ्याला का बाधावे? ही शंका रास्त आहे. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१-४२ अंश असते, आपले ३७. तिचे खाणे वेगळे, तिच्या आतड्यातला जीवाणूंचा शेजार वेगळा. परक्या मुलखात कोणीही एकदम रुळत नाही. प्लाझ्मिडचेही तसेच आहे. नव्या जीवाणूत शिरताना तो पाहुणा असतो, आणि पाहुण्याचा खर्च यजमानाला पडतो. वहीच्या प्रती काढायच्या, तिच्यातल्या कृतींप्रमाणे पदार्थ तयार करायचे, याला शक्ती लागते. ही वही बाळगणारा जीवाणू तिच्याविना असलेल्या भावंडांपेक्षा किंचित संथ वाढतो. म्हणून एके काळी शास्त्रज्ञांना आशा वाटे की औषध थांबवले की वही बाळगणारे मागे पडतील आणि रोधक्षमता आपोआप ओसरेल.

१९८८ साली बूमा आणि लेन्स्की या दोघांनी अमेरिकेत केलेला एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला, आणि त्या आशेला तडा गेला. त्यांनी ई. कोलाय जीवाणूंना एक परका प्लाझ्मिड दिला आणि औषधाच्या सान्निध्यात त्यांच्या ५०० पिढ्या वाढू दिल्या. आपल्या हिशेबाने हा काळ थोडाच. त्यानंतर त्यांनी औषध काढून घेतले आणि तुलना केली. आरंभी जो प्लाझ्मिड ओझे होता, त्याच्यावाचून आता त्या जीवाणूचे अडू लागले होते. औषध नसतानाही प्लाझ्मिडधारीच पुढे जात होते. यजमानाने आपल्या मूळ ग्रंथात फेरफार करून पाहुण्याला घरचा करून घेतले होते. पुढच्या संशोधनातून दिसले की कधी यजमान बदलतो, कधी प्लाझ्मिड, कधी दोघेही एकमेकांसाठी बदलतात. वहीची प्रत काढण्याचे काम ज्या प्रथिनाकडे असते, त्यातल्या एखाद्या बारीकशा बदलानेही प्लाझ्मिडला पूर्वी परका असलेला जीवाणू मानवू लागतो.

प्राण्यांच्या बाबतीत या रुळण्याची दोन उदाहरणे मला विशेष बोलकी वाटतात. पहिले अमेरिकेतील कोंबड्यांचे. साल्मोनेला केंटकी नावाचा जीवाणू तेथील कोंबड्यांत पाहता पाहता सर्वांत जास्त आढळू लागला. त्याचे कारण २०१० साली उलगडले. पक्ष्यांच्या ई. कोलायमधला एक मोठा प्लाझ्मिड त्याने मिळवला होता. त्या एकाच वहीत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांना रोधण्याच्या कृती होत्या, आणि पक्ष्याच्या शरीरात लोह मिळवून तग धरण्याच्या कृतीही. आपण औषध देत राहिलो आणि त्या औषधाने जी वही राखली गेली, तिनेच या जीवाणूला कोंबडीच्या पोटात कायमचे घर मिळवून दिले. माझ्या विद्यार्थ्याने पाण्यात मिसळलेले डॉक्सिसायक्लिन हे टेट्रासायक्लिनच्याच घराण्यातले. एका औषधासाठी राखलेल्या वहीत दुसऱ्या चार औषधांविरुद्धच्या कृती असतील, तर त्याही राखल्या जातात. त्याच्या शेडमध्ये नेमके काय घडले, हे तपासल्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही. रीत मात्र ही.

दुसरे उदाहरण याच्या उलट्या दिशेचे, आणि म्हणूनच मला अधिक अस्वस्थ करणारे. स्टॅफिलोकॉकस हा पू करणारा जीवाणू आपल्या नाकात, त्वचेवर राहतो. जगभरच्या ब्रॉयलर पक्ष्यांना पंगू करणारी त्याची एक शाखा एडिंबरातील संशोधकांनी तपासली, तेव्हा २००९ साली कळले की ती मुळात माणसाची होती. त्याच्या सुमारे चार दशके आधी ती आपल्याकडून कोंबड्यांकडे गेली, तेथे पक्ष्यांच्या जीवाणूंकडून एक प्लाझ्मिड आणि आणखी काही जनुके उचलली, माणसाच्या शरीरात उपयोगी पडणारी काही जनुके निकामी होऊ दिली, आणि पक्क्या कोंबडीवासी झाली. आपण नेहमी म्हणतो, जनावरांपासून माणसाला रोग होतो. येथे रोग देणारे आपण आहोत. त्या मुक्या पक्ष्याने माणसाकडून आजार घेतला, मग त्या आजारावर माणसाचेच औषध प्यायला, आणि शेवटी आपल्या ताटात आला.

आणि वाटा किती! शेडमधले तूस कोंबडीखत म्हणून भाजीच्या, आंब्याच्या बागेत जाते. रायगडच्या पावसात धुपून ते ओहोळाला लागते, ओहोळ काळ नदीला. विषमज्वराच्या जीवाणूंत सापडणाऱ्या प्लाझ्मिडांचे एक घराणे तर असे आहे की ३७ अंशांच्या उबेत ते जवळजवळ हलत नाही, आणि पंचवीस-तीस अंशांच्या पाण्यात मात्र सहज एका जीवाणूतून दुसऱ्यात जाते. म्हणजे शरीराबाहेर, आपल्या सांडपाण्यात, त्याचे लेन-देन चालते. कोंबडीच्या पोटाला, माणसाच्या पोटाला आणि गटाराला जोडणारी ही वाट नकाशावर काढता येत नाही. कोणत्या शेडमधून निघालेली वही कोणत्या अतिदक्षता विभागातल्या कोणत्या बाळंतिणीच्या रक्तात उघडली, हे शोधून काढणारा तपासनीस अजून जन्मायचा आहे.

येथे तो प्रश्न पुन्हा समोर येतो. ज्याचे वाईट केले तोच ठाऊक नसेल, तर पाप कोठे आहे?

उत्पत्तीच्या पुस्तकातला काइन देवाला उलट प्रश्न विचारतो, तेव्हा निदान त्याला हाबेल ठाऊक असतो; शेत ठाऊक असते, हाताला रक्त असते. आपली नीतिकल्पना या चित्रावर पोसलेली आहे: एक करणारा, एक सोसणारा, मध्ये एक कृत्य. प्लाझ्मिडच्या प्रवासात यांतले काहीच एकमेकांना नीट जोडता येत नाही. म्हणून दोन पळवाटा सुचतात. पहिली म्हणते, सिद्ध होत नाही, तर दोष नाही. दुसरी म्हणते, आपण सगळेच दोषी. पहिली निर्दय आहे हे चटकन कळते. दुसरी नम्र वाटते, पण माझ्या मते ती अधिक घातक. कारण सगळ्यांचे पाप म्हटले की ते कोणाच्याच पापनिवेदनात येत नाही.

ख्रिस्तसभेच्या परंपरेत या दोहोंपलीकडचा विचार फार पूर्वीपासून आहे, आणि तो आपण विसरत चाललो आहोत. संत आल्फोन्स लिगोरी यांच्यासारख्या नीतिशास्त्रज्ञांनी दुष्कृत्यातील सहकाराचा बारीक विचार केला. कोणी वाईटाची इच्छा धरूनच हात लावतो. कोणाचा हेतू वाईट नसतो, पण त्याच्या कामाचा वाईटाला उपयोग होतो. हा उपयोग जवळचा असेल वा दूरचा. टाळता येण्याजोगा असेल वा नसेल. या कसोटीने पाहा. शेडचा मालक करारावर काम करतो. पिल्ले, खाद्य, औषधे कंपनीची. जागा, वीज, श्रम त्याचे. मोबदला किलोमागे ठरलेला. मरतूक वाढली की तो कापला जातो. औषध न घालण्याचे स्वातंत्र्य त्याला कागदावर आहे. औषध सुचवणारा सुपरवायझर पशुवैद्य असतोच असे नाही, आणि त्यालाही वरून आकड्यांचा धाक असतो. कंपनी म्हणेल, ग्राहकाला स्वस्त कोंबडी हवी. आणि ग्राहक म्हणजे तर लग्नाच्या जेवणात, सणाला, साध्या रविवारीही ती मागणारे आपण. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ सालच्या परिपत्रकात 'पापाच्या रचना' हा शब्दप्रयोग केला, तो अशाच साखळ्यांसाठी. मात्र त्यांनी हेही बजावले होते की या रचना माणसांच्याच पापांतून उभ्या राहतात. रचनेकडे बोट दाखवून माणसाची सुटका होत नाही.

तेव्हा माझ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला दोष येतो, पण थोडा, आणि परिस्थितीने हलका केलेला. माझ्या वाट्यालाही येतो. त्याचा वाटा माझ्यापेक्षा मोठा आहे, असे मी आता छातीठोकपणे म्हणणार नाही. मोबदला कापला गेला असता तर त्याच्या घरी चणचण झाली असती. कोंबडी महाग झाली असती तर माझ्या घरी फक्त डाळ शिजली असती.

दोषाचे हे असे. आपल्या धर्मशिकवणीत मात्र दोषाहून वेगळी अशी आणखी एक गोष्ट आहे, आणि मला वाटते खरे उत्तर तेथे आहे. पापाची क्षमा मिळाली तरी केलेले नुकसान उरतेच, आणि ते भरून देण्याचे कर्तव्यही उरते. जक्कयाच्या घरी प्रभू येशू जेवायला आला, तेव्हा त्या जकातदाराने केवळ अश्रू ढाळले नाहीत. ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे वचन त्याने दिले, आणि त्याआधी आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे. हा क्रम मी कित्येक वर्षे वाचत आलो, पण गरिबांचा उल्लेख आधी का, असा विचार कधी केला नव्हता. जकातनाक्यावर वर्षानुवर्षे बसलेल्या माणसाला आपण लुबाडलेल्या सर्वांची नावे कोठून आठवणार? ज्यांची नावे आठवतील त्यांना चौपट. ज्यांची आठवणार नाहीत त्यांचे देणे गरिबांच्या ओंजळीत. शास्त्रीपंडित असा अर्थ लावतात की नाही, हे मी पाहिलेले नाही. पण संत थॉमस अक्वायनस यांनी नुकसानभरपाईचा विचार करताना नेमका हाच प्रश्न घेतला आहे: ज्याचे देणे आहे तोच सापडत नसेल, तर? शोध घ्या, आणि तो निष्फळ ठरला तर त्याच्या नावाने दानधर्म करा, असे त्यांचे उत्तर आहे. नाव ठाऊक नाही म्हणून देणे बुडत नाही.

या जुन्या नियमाची मोजपट्टी प्लाझ्मिडला किती नेमकी लागू पडते, ते पाहून मी थक्क झालो. रोधक जीवाणूंची सर्वाधिक झळ कोणाला लागते? ज्याला महागडे राखीव औषध परवडत नाही, ज्याच्या वाडीवर स्वच्छ पाणी नाही, ज्याचे तान्हे मूल सरकारी इस्पितळातल्या एका खाटेवर दोघांत झोपवलेले असते, त्यालाच. सोसणारा निनावी असला, तरी तो बहुधा कोणत्या घरात राहतो हे आपल्याला ठाऊक आहे.

आणि भरपाईला काही अर्थ उरला आहे का? की ५०० पिढ्यांनंतरच्या त्या जीवाणूप्रमाणे आता सारे कायमचे रुळून गेले? येथे थोडी आशा आहे, आणि ती मोजलेली आहे. कोलिस्टिन हे एक जुने औषध. मूत्रपिंडांना अपाय होतो म्हणून १९७० च्या दशकात ते मागे पडले. पुढे दुसरे काहीच लागू पडेना, तेव्हा शेवटचा उपाय म्हणून डॉक्टर पुन्हा त्याच्याकडे वळले. दरम्यान ते जनावरांच्या खाद्यात, वजन वाढावे म्हणून, जगभर मिसळले जात होते. २०१५ च्या नोव्हेंबरात चिनी शास्त्रज्ञांनी जाहीर केले की कोलिस्टिनला रोधणारा 'एमसीआर-१' हा जनुक प्लाझ्मिडवर सापडला आहे, डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही. २०१७ साली चीनने खाद्यातला हा वापर बंद केला. त्यानंतर तेथे कोलिस्टिनला न जुमानणाऱ्या ई. कोलायचे प्रमाण डुकरांत सुमारे ३४ टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या आसपास आले. कोंबड्यांत १८ वरून तेही पाचाच्या घरात. माणसांतही ते घटले. भारत सरकारने १९ जुलै २०१९ च्या अधिसूचनेने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांकरिता, कुक्कुटपालन आणि मत्स्यशेतीसह, कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री आणि वितरण यांवर बंदी घातली. तेव्हा हात आखडता घेतला की फरक पडतो. पण आकडा पाचावर येऊन थांबला, शून्यावर नाही, हेही विसरता येत नाही. 'एमसीआर-१' वाहून नेणारे काही प्लाझ्मिड यजमानावर जवळजवळ भारच टाकत नाहीत. औषध थांबले तरी त्यांना निघून जाण्याचे कारण उरत नाही.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात सवयीबद्दल जे लिहिले आहे, त्याची येथे आठवण होते: वाईटाला प्रथम आपण होकार देतो, मग त्याची सवय लागते, आणि सवयीला विरोध केला नाही की ती गरज होऊन बसते. जीवाणूला सदसद्विवेक नाही. त्याच्यावरून माणसाला प्रवचन देणे सोपे आणि काहीसे स्वस्तही आहे. पण आपल्या कुक्कुटपालनाला, आपल्या दवाखान्यांना, ताप आला की उरलेल्या दोन गोळ्या शोधणाऱ्या आपल्या घरांना औषधाची अशीच गरज जडली आहे, हे नाकारता येईल का? पहिल्या पिढीत सोडणे स्वस्त असते. पाचशेव्या पिढीत ते महाग पडते, आणि ती किंमत कोणी भरायची यावर सगळे एकमेकांकडे पाहतात.

हे सारे मी नाताळानंतर माणगावला गेलो तेव्हा माझ्या विद्यार्थ्याला सांगितले. जमेल तितके साधे करून. त्याने ऐकून घेतले. मधल्या काळात त्याने आपल्या परीने काही केले होते. एक बॅच गेल्यावर शेड तीन आठवडे रिकामी ठेवली, तूस पूर्ण काढले, जमिनीला आणि भिंतींना चुना मारला, पाण्याच्या टाकीत क्लोरीन टाकायला सुरुवात केली, दाराशी पाय बुडवायला औषधी पाण्याचे घमेले ठेवले. बॅच उशिरा भरली म्हणून सुपरवायझरने कुरकूर केली. पुढची पिल्ले बरी निघाली, पण चौथ्या आठवड्यात पुन्हा काही पक्षी मलूल झाले. या वेळी त्याने मेलेला पक्षी तालुक्याच्या पशुवैद्यांकडे नेला. त्यांनी तपासून औषध दिले. म्हणजे औषध याही वेळी लागलेच. हे सांगताना तो ओशाळला होता. मी म्हटले, आजारी जिवाला औषध देणे हे पाप नव्हे, आणि पशूचे हाल होऊ देणे हे पुण्य नव्हे. विचारून, तपासून दिलेस, हा फरक लहान नाही.

मग त्याने कागदावर केलेला एक हिशेब दाखवला. पहिल्या बॅचला सुपरवायझरच्या फोनवरच्या सांगण्यावरून जे औषध घातले, त्यामुळे अंदाजे किती पक्षी वाचले, किलोमागे किती मोबदला, एकूण किती. त्या रकमेतला काही भाग तो धर्मग्रामातल्या संत विन्सेंट दी पॉल संघाकडे देणार होता, गरीब रुग्णांच्या औषधासाठी. पूर्ण रक्कम त्याला झेपणारी नव्हती. पाकिटावर कोणाचे नाव घालायचे, असे त्याने विचारले. मी म्हटले, कोरे ठेव.

निघताना तो मला फाटकापर्यंत सोडायला आला. "सर," तो जरा चाचरत म्हणाला, "हा हिशेब माझ्या शेडचा झाला. तुमच्या घरी आठवड्याला किती कोंबडी लागते?"

माझ्याजवळ पेन होते. त्याच कागदाच्या पाठीमागे मी आमच्या घरातली माणसे, रविवार आणि सण मांडायला घेतले.